यंत्रातला पहिला मान

१२ मार्च

सोसायटीत नवं यंत्र आलं. छापतं, प्रती काढतं, कागद वाचून घेतं आणि उभ्या उभ्या मेलही करतं म्हणे. पार्शासारख्या गावातल्या काजूवाल्यांच्या सोसायटीला एवढं धूड कशाला, हे मी मीटिंगमध्येच विचारलं होतं. कोण ऐकतो.

पूजेला चेअरमन पांडुरंगबाब नारळ घेऊन आले. मी हात धुऊन उभाच होतो. देवळात शिगम्याचा पहिला नारळ आमच्या घराचा, गाऱ्हाण्यात पहिलं नाव आमच्या घराचं, आणि सोसायटीत मी पंचवीसेक वर्षांचा हेडक्लार्क. दुसरं कोण फोडणार? पांडुरंगबाबांनी माझ्या अंगावरून हात पुढे केला आणि म्हणाले, "सुविधा, घे गो. मशीन तूच चलयतलंस, नाल्लय तूच फोड."

ही सुविधा शिरगावची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली, पेडण्यात मावशीकडे राहते. नोकरीत अजून कायम नाही, परीक्षेच्या मुदतीवर आहे. नारळ एका फटक्यात फुटला. तोही धड वाकडातिकडा फुटू नये!

१४ मार्च

यंत्र चालत नाही. कंपनीचा माणूस बसवून गेला, पण कॉम्प्युटरवरून पान सोडलं की यंत्र ढिम्म. पडद्यावर नुसतं 'जोडणी नाही'. कंपनीला फोन लावला तर माणूस पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले.

मी जुन्या प्रिंटरवर भावपत्रक छापून सगुण शिपायाच्या हाती दिलं आणि त्याला जरा मोठ्यानेच म्हटलं, "जुनां तां सोनां." सगुण हसला. आज जेवण गोड लागलं.

१६ मार्च

पोरीने यंत्र चालू केलं.

मी मुद्दाम शेजारच्या टेबलावर बसून बघत होतो. आधी तिने मागची वायर काढून परत लावली. मग राऊटर बंद करून चालू केला. मग यंत्राच्या पोटातून एक पान छापून घेतलं, त्यावरचे आकडे वाचले आणि स्वतःशीच हसली. मागच्या महिन्यात विजेने राऊटर जळाला होता आणि आम्ही नवा घेतला होता. कंपनीच्या माणसाने जुन्या राऊटरचे आकडे घातले होते. तिने ते बदलले आणि पान सर्रकन बाहेर आलं. मेल मात्र जाईना. तर म्हणे मेलवाले यंत्राला आपला रोजचा पासवर्ड लावू देत नाहीत, त्याच्यासाठी वेगळा काढावा लागतो. तोही काढला.

पांडुरंगबाबांनी हॉटेलातून सगळ्यांना भाजी-पाव मागवले. पहिली बशी तिला. मला पाव मिळाला तो तळाचा, दबलेला.

मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. ही वही कोण वाचणार आहे?

२० मार्च

काल पाडवा झाला. आज सुविधाने सगळ्यांना यंत्र शिकवलं. मेल करायला पत्ता टाइप करत बसायचं नाही, यंत्रात पत्ते भरून ठेवलेत, नुसता नंबर दाबायचा. यंत्रावर तिने चिठ्ठीही चिकटवली: 'फोंड्याला भावपत्रक – १ दाबा.' फोंड्याचा व्यापारी म्हणजे आमचा सगळा माल उचलणारा. त्याला रोज संध्याकाळी पाच वाजता आमचा भाव आणि मालाचा आकडा सहीशिक्क्यासह जावा लागतो. तो बघून तो दुसऱ्या दिवशी ट्रक पाठवतो.

मी पडद्यावरची नावं वाचली. पहिला फोंड्याचा व्यापारी. दुसरा हिशेब तपासनीस. तिसरी सुविधा. चौथा कृष्णनाथ, म्हणजे मी.

मी विचारलं, "गो, हीं नांवां कोणी लायलीं?"

"हांवें, काका. जशीं याद जालीं तशीं घातलीं."

जशी याद झाली तशी! स्वतःची याद तिला माझ्या आधी झाली. आणि सगळ्यांच्या वर कोण, तर फोंड्याचा व्यापारी. त्याचा या गावाशी संबंध तरी काय? त्याच्या आजोबांनी आमच्या देवळाची पायरी तरी पाहिली होती का?

घरी आल्यावर शेवंतीला सांगितलं. बायको म्हणजे माझ्या बाजूने बोलेल अशी भाबडी समजूत. ती म्हणाली, "चवथो तर चवथो. शंबरावो तर नाय मा?"

२३ मार्च

केलं.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. ती कशी बोटं फिरवते ते मी चार दिवस बघून ठेवलं होतं. 'पत्ते' दाबलं, मग 'बदल'. पहिल्या जागी मी आलो, चौथ्या जागी फोंडा गेला. पत्ता माझा एकच, माझ्या मुलाने, नितीनने, बोटीवर नोकरीला जाण्याआधी काढून दिलेला. तो शेवंतीच्या मोबाईलवर उघडतो, मला त्यात गती नाही. पण मान मिळवायला गती लागत नाही.

कोणाचं काही बिघडलं नाही. फोंडा यादीत आहेच, नुसता आपल्या जागेवर बसला. मी पडद्यावर आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि यंत्र बंद केलं. सुविधाने मला विचारून नावं लावली असती तर ही पाळीच आली नसती.

२५ मार्च

फोंड्याहून फोन. कालचा भाव पोचला नाही, परवाचाही नाही.

सगुण म्हणाला, "मी एक दाबलंय, मशीनान 'पाठवलें' म्हणान सांगलां." यंत्र पाठवलं म्हणतं, व्यापारी मिळालं नाही म्हणतो. पांडुरंगबाबांनी सुविधाकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या बघण्यात भाजी-पाव नव्हता.

तिने वायर काढली, लावली. राऊटर बंद, चालू. चाचणी म्हणून स्वतःच्या पत्त्यावर, तीन नंबरवर, एक कागद पाठवला. लगेच पोचला. "म्हजेर येता काका, फोंडां वचना. दोश थंयचो आसतलो," ती मला म्हणाली. म्हणजे दोष फोंड्याच्या बाजूचा.

मी म्हटलं, "आसतलो बापा. आमका कितें कळतां."

यंत्राला नजर लागली असावी. एवढं कौतुक कोणत्याच यंत्राला सोसत नाही.

२८ मार्च

आज शनिवार. ट्रक आला नाही. बागायतदार पोती घेऊन दारात उभे. पोत्यांची रास छपरापर्यंत गेलीय आणि काजूच्या बोंडांचा वास ऑफिसात भरलाय. सुविधाने मोबाईलवर पत्रकाचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. त्याने उलट कळवलं, फोटो चालत नाही, सोसायटीच्या मेलवरून सहीचा कागद पाहिजे. तिने त्याला नको असलेल्या मेलची पेटी उघडून बघायला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, सगळ्यांची पत्रकं येतात, तुमचीच कशी येत नाहीत?

तिचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

२ एप्रिल

शेवंतीची कटकट सुरू झालीय. "तुमच्या त्या मेलात कितें येतां देव जाणे. सांजचे पाच वाजले की टिंग जातां. आता जागा भरत इली म्हणान सांगतां."

मी म्हटलं, जाहिराती असतील, पुसून टाक.

"इतक्यो जाहिराती तुमका कोण धाडतां?"

बाईमाणसाला शंका फार. तिने पुसल्या नाहीत, पण घंटी बंद करून ठेवली. बरं झालं. पाच वाजता मी ऑफिसात असतो, मला काय त्रास?

७ एप्रिल

आज सुविधा आमच्या घरी आली होती. माझी सही राहिलेली फाईल घेऊन. शेवंतीने तिला उंडे पाव आणि चहा दिला, शेजारी बसवून घेतली. घटकाभरात दोघींचं असं जमलं की मीच पाहुणा. आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे शेवंतीला कोणाचीही पोर दिसली की पाझर फुटतो.

पोरीने तिला घरचं सांगितलं. बापाचा खनिज वाहणारा टिपर ट्रक खाण बंद झाल्यापासून दारात गंजतोय. भाऊ शिकतोय. घरात पगार तो हिचाच. "कायम जालें जाल्यार बरें जातलें, काकी. मशीन चलना म्हणून चेअरमनबाब तिडकल्यात."

मग शेवंतीला मोबाईलची आठवण झाली. "बाय, माजो मोबाईल बघ गो जरा. ह्येंच्या मेलान भरलो."

सुविधाने हात पुढे केला. मी उठलो आणि मोबाईल शेवंतीच्या हातातून काढून घेतला. "र्‍हांव दी. घरातली वस्त घरात र्‍हांव दी."

शेवंती माझ्याकडे बघत राहिली. सुविधा चहा अर्धा टाकून उठली. ऑफिसात तिचं, चेअरमनकडे तिचं, आता माझ्या चुलीपुढेही तिचंच. एक जागा तरी माझी राहू दे की नाही?

१० एप्रिल

पांडुरंगबाबांनी मला खोलीत बोलावलं. किती दिवसांनी! दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "कृष्णनाथ, विसाक कमिटी बसतां. व्यापारी हंगामाचो करार करूंक तयार आसा, पण ताचो कागद त्याच दिसा मेलान गेलो जाय. ह्या पोरीच्यान मशीन बरां जाता शें दिसना. जालां नाय तर तिका मुदतीर बंद करूया. तुका कितें दिसतां?"

मला कितें दिसतां! महिनाभर मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी थोडा वेळ घेतला, जसा मोठी माणसं घेतात. मग म्हणालो, "पोर वायट नाय. पण अनुभव नाय."

बाहेर आलो तर ती यंत्राजवळ उकिडवी बसून वायरीचं टोक पुसत होती. मी तिच्याकडे न बघता माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. खुर्ची आज जरा उंच वाटली. रात्री जेवताना शेवंतीला यातलं काही सांगितलं नाही.

१६ एप्रिल

सुविधा उद्यापासून रजेवर. शिरगावच्या लईराई देवीची धोंड, म्हणजे व्रत घेतलेली भक्त, आहे ती. बाप धोंड, आजा धोंड, आता ही. जत्रेपर्यंत घर सोडून व्रतस्थांच्या मांडवात राहणार, तळीवर आंघोळ करणार, सोवळ्याचं तेवढंच खाणार आणि जत्रेच्या पहाटे होमकुंडातून चालणार. कमिटी वीस तारखेला आहे हे तिला ठाऊक आहे. तरी तारीख बदलून द्या असं ती म्हणाली नाही.

जाताना माझ्या टेबलाशी आली. "काका, मशीन सांबाळात. म्हजें कितेंय चुकलें आसतलें, पूण म्हाका सांपडना."

मी मान हलवली. मग पुडीतले चणे तोंडात टाकले.

२० एप्रिल

हे सगळं आजच लिहून काढलं नाही तर उद्या मी त्यात माझ्या सोयीचे बदल करीन. म्हणून जेवणाआधी बसलोय.

कमिटी तीन वाजता बसली. तरुण संचालक गौरेश, दोघे म्हातारे संचालक, पांडुरंगबाब. व्यापाऱ्याचा निरोप होता: कराराचा सही केलेला कागद चारच्या आत मेलवर आला तर हंगामाचा सगळा माल माझा, नाही तर मी दुसरीकडे बघतो. सह्या झाल्या. सगुणने कागद यंत्रात घातला आणि चिठ्ठी वाचून एक दाबलं. 'पाठवले.' फोंड्याला फोन केला. नाही आला. परत दाबलं. नाही.

पांडुरंगबाब लाल झाले. त्यांनी सुविधाला फोन लावला आणि मोबाईल यंत्राच्या डोक्यावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मागून ढोल आणि "लईराई माते की जय" असा गजर येत होता.

"चेअरमनबाब, हांव सकाळीं मांडवांत बसून चिंतितालें," ती म्हणाली. "वायर पळयली, पासवर्ड पळयलो, चांचणी म्हज्याच पत्त्याचेर केली. फोंड्याचो पत्तोच पळोवंक ना. मशीनाकडेन कोण आसा?" सगळं तपासलं होतं, फोंड्याचा पत्ता तेवढा बघायचा राहिला होता.

"कृष्णनाथ आसा."

"काका, पडद्यार 'पत्ते' दामात. आनी पयलें नांव वाचात."

त्या क्षणी मला कळलं. सगळं एकदम कळलं. सगुणचं एक दाबणं, संध्याकाळच्या पाचची ती टिंग, जागा भरत आलेली. गेला महिनाभर फोंड्याचा भाव माझ्या घरी शेवंतीच्या मोबाईलवर जात होता आणि मी तिला तो पुसून टाक म्हणत होतो.

बोट पडद्यावर ठेवलं आणि उभा राहिलो. म्हटलं, "दिसना नीट."

"चष्मो घाल मरे," पांडुरंगबाब म्हणाले.

चष्मा कपाळावरच होता. खाली ओढला. वाचण्याशिवाय इलाज नव्हता. "एक," मी वाचलं, "कृष्णनाथ."

फोनमधला ढोल तेवढा वाजत होता. मी फोनवर वाकलो आणि जे बोललो ते इथे लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, "सुविधा, तूच घातलंलंस मगो हां? चांचणेक?"

तिला समजलं होतं. ती हो म्हणाली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझं मिटलं असतं, तिची नोकरी गेली असती. मी मनात म्हणत होतो, म्हण गो बाय, हो म्हण. असा नवस मी कधी देवालाही केला नव्हता.

पलीकडचा ढोल दूर गेला, ती बाजूला आली असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, हांव व्रतार आसां. म्हज्या तोंडांतल्यान फट येवची ना. तुमीच सांगात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलू शकत होतो. मी काही व्रतात नव्हतो, दुपारी पोटभर माशाची कढी जेवलो होतो. पण फोन चालू होता आणि पलीकडे ती ऐकत होती.

"मी घातलंय," मी म्हटलं. "पयल्या जाग्यार मी, चवथ्या जाग्यार फोंडा."

"कित्याक?" पांडुरंगबाबांनी विचारलं.

"पयलो मान आमच्या घराचो म्हणान."

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही, तेच मला जास्त लागलं. थोरल्या संचालकांनी मान डोलावली, जणू ही अगदी रीतीचीच गोष्ट. मग हळूच यंत्राकडे सरकून त्यांनी विचारलं, "आनी माजां नांव कितव्या नंबरार आसा?"

"नांवच नाय तुमचां," सगुण म्हणाला.

"नायच?" ते दुखावले. गौरेशही पुढे येऊन वाकून बघू लागला. पांडुरंगबाब ओरडले, "आरे, वेळ जातां!"

"काका, चार दामात," फोनमधून आवाज आला.

मी चार दाबलं. थोड्या वेळाने फोंड्याहून फोन आला, कागद मिळाला. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिने "जय" म्हणून फोन ठेवून दिला होता.

कमिटीने तिला कायम केलं. ठराव मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं नाही.

२१ एप्रिल

शेवंतीला सगळं सांगितलं, चेअरमनच्या खोलीत पोरीबद्दल काय बोललो होतो तेही. तिने मोबाईल उघडून माझ्यापुढे धरला. एकाखाली एक, सगळी भावपत्रकं, सोसायटीच्या शिक्क्यासह. एकही तिने पुसलं नव्हतं.

"त्या दिसा मोबाईल तिच्या हातात दिलो आसतो तर?" ती म्हणाली. ताट वाढून ती नेहमीसारखी समोर बसली नाही.

आज शिरगावची जत्रा. पहाटे सुविधा होमकुंडातून चालेल. मी तिला नोकरीवरून घालवायला निघालो होतो, आणि आता ती सुखरूप पार होऊ दे म्हणून देवघरात बसलोय. तिच्या पायांना आच लागू नये. आणि एवढी श्रद्धा हिच्याकडे कुठून आली, याचाही मला हेवाच वाटतोय. काय करू?

२४ एप्रिल

सुविधा कामावर आली. रंग रापलाय, डोळे जागरणाने ओढलेले, पण चालणं ताठ.

मी तिच्या टेबलाशी गेलो. आपणहून गेलो, हे महत्त्वाचं. म्हटलं, "बाय, माजी चूक जाली. चेअरमनाकडे तुज्याविशीं बरां बोललंय नाय मी, तीय चूक."

तिने मान खाली घातली. "म्हाका त्या दिसा राग आयिल्लो, काका," ती म्हणाली. "व्रतार राग करूंक फावना, तरी आयलो." मग थोडं थांबून, "आतां ना."

मी तिला घेऊन यंत्राशी गेलो. ती पत्त्यांच्या पानावर बोट ठेवून थांबली. "काका, पयलें नांव कोणाचें घालूं?"

थट्टा होती की खरंच विचारत होती, कळलं नाही. मी म्हटलं, "फोंड्याचां. तो पैशे दितां." मग तिने मला दुसरा घातला. हिशेब तपासनीस तिसरा, स्वतः चौथी. मी नको म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मग तिने पिशवीतून प्रसाद काढला. लईराईच्या मोगऱ्याची फुलं, सुकत आलेली, पण वास अजून होता. सगळ्यांना वाटली. आधी सगुणला दिली, नंतर मला.

सगुण तिच्या जवळ उभा होता म्हणून. जवळ उभा होता म्हणूनच.